फुटबॉलची जखम म्हणून सोडून दिलेला नखाखालचा काळा डाग बॉब मार्लेच्या जिवावर उठला

गोव्यातल्या कुठल्याही बीचवर जा, टी-शर्टच्या दुकानात एक चेहरा हमखास लटकलेला असतो. लांब जटा, हसरे डोळे आणि मागं लाल, पिवळा, हिरवा रंग. गाडीच्या मागच्या काचेवर, हॉस्टेलच्या भिंतीवर, पोरांच्या डीपीवर, सगळीकडं हा माणूस आहे.

बॉब मार्ले.

त्याची गाणी न ऐकलेली माणसंही त्याला चेहऱ्यावरून ओळखतात. तो वयाच्या फक्त ३६ व्या वर्षी गेला हेही अनेकांना माहिती असतं. पण कशानं गेला असं विचारलं की बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं, नशेनं गेला असेल.

ते उत्तर चूक आहे.

बॉब मार्ले गेला तो मेलानोमा नावाच्या त्वचेच्या कॅन्सरनं. सुरुवात झाली पायाच्या अंगठ्याच्या नखाखालून आणि चार वर्षांत तो फुफ्फुसं, यकृत, जठर आणि मेंदूपर्यंत पोचला. पायाच्या नखातला आजार पोटात कसा जातो, तो तेव्हा का थांबला नाही आणि आज थांबू शकतो का, हे सगळं समजून घ्यायचं तर आधी हा माणूस कोण होता ते बघावं लागेल.

६ फेब्रुवारी १९४५. जमैका देशातल्या सेंट ॲन भागात नाईन माईल नावाच्या डोंगरातल्या खेड्यात त्याचा जन्म झाला. आई सेडेला कृष्णवर्णीय, जेमतेम १८ वर्षांची. वडील नॉर्व्हल मार्ले गोरे आणि वयानं तिच्यापेक्षा खूप मोठे. वडील घरात जवळपास नव्हतेच आणि बॉब १० वर्षांचा असताना ते वारले. गोऱ्यांसाठी तो काळा होता आणि काळ्यांच्या वस्तीत पोरं त्याला गोऱ्याचा म्हणून चिडवायची.

पुढं आई त्याला घेऊन किंग्स्टन शहरात आली. मुक्काम ट्रेंचटाऊनमध्ये. म्हणजे पत्र्याची घरं, उघडी गटारं आणि टोळ्यांची भांडणं. पण नाईन माईलपासूनचा मित्र बनी वेलर सोबत होता आणि याच वस्तीत त्याला पीटर टॉश भेटला. १९६३ मध्ये तिघांनी आणखी काही जणांना घेऊन ग्रुप काढला, तोच पुढं द वेलर्स म्हणून गाजला. पहिलंच मोठं गाणं जमैकात हिट झालं, पण खिशात पैसे काही आले नाहीत.

१९६६ मध्ये त्यानं रीटाशी लग्न केलं आणि आई राहायची त्या अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात गेला. तिथं त्यानं कारखान्यात काम केलं. काही महिन्यांत परत आला तेव्हा जमैकात रास्ताफारी पंथाचं वारं जोरात होतं. इथिओपियाचा सम्राट हेले सेलासी याला देवाचा अवतार मानणारा हा पंथ. केस कापायचे नाहीत, शरीर हे देवाचं घर आहे, त्याला सुरी लावायची नाही, असं मानणारी ही माणसं. बॉब मनापासून रास्ता झाला.

ही श्रद्धा लक्षात ठेवा, कारण पुढं सगळ्यात अवघड निर्णयाच्या वेळी ती मध्ये येणार आहे.

१९७३ मध्ये आयलंड रेकॉर्ड्सचा मालक ख्रिस ब्लॅकवेल यानं वेलर्सचा अल्बम जगभर नेला. १९७४ मध्ये एरिक क्लॅप्टननं बॉबचं एक गाणं गायलं आणि ते अमेरिकेत एक नंबरवर गेलं. ट्रेंचटाऊनचा पोरगा बघता बघता जगाचा स्टार झाला. जमैकात तर तो इतका मोठा झाला की दोन्ही राजकीय पक्षांना त्याची भीती वाटायला लागली.

३ डिसेंबर १९७६ ला किंग्स्टनमधल्या त्याच्या घरात बंदूकधारी घुसले. बॉबला छातीवर आणि हाताला गोळी चाटून गेली, रीटाच्या डोक्याला गोळी लागली. तरी दोघं वाचले. दोनच दिवसांनी हा माणूस जखमा घेऊन हजारो लोकांसमोर गायला उभा राहिला आणि मग देश सोडून लंडनला गेला.

तिथं तयार झाला एक्सोडस हा अल्बम. १९९९ मध्ये टाइम मासिकानं याच अल्बमला शतकातला सर्वोत्तम अल्बम म्हटलं. पण ज्या वर्षी तो बाजारात आला, त्याच १९७७ सालात बॉबच्या आयुष्याला वेगळंच वळण लागलं.

अंगठ्याला लागलं आणि आजार उघड झाला

बॉबला गाण्याइतकंच फुटबॉलचं वेड होतं. दौऱ्यावर असला तरी बॉल सोबत असायचा. मे १९७७ मध्ये पॅरिसला मॅच खेळताना त्याच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला जोरात लागलं आणि नख उखडलं. खेळताना असं होतंच, म्हणून तो तसाच नाचत गात राहिला.

जखम मात्र भरेना. शेवटी डॉक्टरांनी तपासलं, तुकडा काढून तपासणीला पाठवला आणि जुलै १९७७ मध्ये निदान आलं. ॲक्रल लेंटिजिनस मेलानोमा.

आता हे नेमकं काय असतं?

आपल्या त्वचेला रंग देणारं द्रव्य म्हणजे मेलॅनिन. ते बनवणाऱ्या पेशी म्हणजे मेलॅनोसाइट. या पेशी बिघडून बेसुमार वाढायला लागल्या की त्याला मेलानोमा म्हणतात. गोऱ्या लोकांमध्ये याचं मोठं कारण ऊन असतं. पण ॲक्रल प्रकार तळहात, तळपाय आणि नखांखाली होतो आणि त्याचा उन्हाशी फारसा संबंध नसतो. सावळ्या आणि काळ्या त्वचेच्या लोकांना मेलानोमा क्वचित होतो, पण झालाच तर बऱ्याचदा याच जागी होतो.

इथं एक गैरसमज दूर करायला हवा. फुटबॉलमुळं बॉबला कॅन्सर झाला नाही. कॅन्सर आधीच नखाखाली होता, दुखापतीमुळं तिकडं लक्ष गेलं. सोशल मीडियावर अधूनमधून एक पोस्ट फिरते की अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेनं त्याच्या बुटात तार घालून त्याला कॅन्सर दिला. बुटातली तार टोचून मेलानोमा होत नाही. ती निव्वळ अफवा आहे.

निदान झाल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, अंगठा कापावा लागेल.

बॉबनं नकार दिला. शरीर अखंड ठेवायचं ही त्याची धार्मिक श्रद्धा होती. शिवाय स्टेजवर उड्या मारत गाणारा आणि फुटबॉलवर जीव टाकणारा माणूस अंगठ्याशिवाय उभा कसा राहणार, हाही प्रश्न होता. शेवटी मधला मार्ग निघाला. मायामीमध्ये ऑपरेशन करून नख आणि त्याखालचा रोगट भाग काढला आणि मांडीची त्वचा काढून तिथं लावली. अमेरिकेचा दौरा रद्द झाला.

अंगठा कापला असता तर तो वाचला असता का? हे आज कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. त्या वेळेपर्यंत कॅन्सरच्या पेशी अंगठ्याबाहेर पडल्या होत्या की नाही, हे कळण्याचे आजच्यासारखे मार्ग तेव्हा नव्हते. जांघेतल्या किंवा काखेतल्या पहिल्या लसिका ग्रंथीची तपासणी करून कॅन्सर पसरलाय का ते बघण्याची पद्धत १९९० च्या दशकात आली. पण एक गोष्ट तेव्हाही पक्की होती आणि आजही आहे. मेलानोमा पातळ असताना, त्याच्याभोवतीच्या निरोगी त्वचेसकट पूर्ण काढला तर बरा होण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते. तो त्वचेत जितका खोल गेला, तितका धोका वाढतो.

चार वर्षं आणि आतून पसरणारा आजार

बाहेरून बघणाऱ्याला बॉब ठणठणीत वाटत होता. २२ एप्रिल १९७८ ला किंग्स्टनमध्ये शांततेसाठी कॉन्सर्ट झाली. जमैकात तेव्हा दोन पक्षांच्या टोळ्या एकमेकांचे मुडदे पाडत होत्या. बॉबनं पंतप्रधान मायकल मॅनली आणि विरोधी पक्षनेते एडवर्ड सियागा या दोघांना स्टेजवर बोलावलं आणि त्यांचे हात एकमेकांच्या हातात दिले. एप्रिल १९८० मध्ये झिम्बाब्वे स्वतंत्र झाला तेव्हा त्या सोहळ्यात गायला तो गेला. जूनमध्ये इटलीतल्या मिलान शहरात त्याला ऐकायला जवळपास १ लाख लोक जमले.

या सगळ्या काळात कॅन्सर आत पसरत होता.

मेलानोमा पसरतो तो दोन वाटांनी, लसिकेतून आणि रक्तातून. रक्तातून निघालेली पेशी कुठंही रुजू शकते. फुफ्फुस, यकृत आणि मेंदू या तिच्या नेहमीच्या जागा. पण फार बोलली न जाणारी आणखी एक जागा आहे, ती म्हणजे पचनसंस्था. शरीराच्या दुसऱ्या भागात सुरू होऊन आतड्यापर्यंत जाणारे जे कॅन्सर आहेत, त्यात मेलानोमाचा नंबर बराच वर लागतो. त्यातही सगळ्यात जास्त वेळा लहान आतडं, मग मोठं आतडं आणि जठर. लहान आतड्याला रक्तपुरवठा भरपूर असतो. शिवाय काही मेलानोमा पेशींवर असा एक रिसेप्टर असतो की लहान आतड्यातून निघणाऱ्या रासायनिक संदेशाकडं त्या ओढल्या जातात.

गंमत म्हणा की दुर्दैव, हे बहुतेकांच्या बाबतीत जिवंतपणी कळतच नाही. मेलानोमानं दगावलेल्यांच्या शवविच्छेदनात अर्ध्याहून जास्त जणांच्या पचनसंस्थेत कॅन्सर सापडल्याच्या नोंदी आहेत. जिवंत असताना निदान होतं ते मात्र १०० पैकी जेमतेम चार-पाच जणांचं.

का कळत नाही? कारण लक्षणं अगदी साधी असतात. पोटात दुखणं, भूक न लागणं, मळमळ, वजन उतरणं, थकवा. माणूस ॲसिडिटीची गोळी घेतो आणि कामाला लागतो. आतड्यातली गाठ थोडं थोडं रक्त गळू देते, ते डोळ्यांना दिसत नाही, फक्त हिमोग्लोबिन कमी होतं. मग लोहाच्या गोळ्या सुरू होतात. कधी शौच डांबरासारखं काळं होतं. आणि कधी गाठीमुळं आतड्यात आतडं शिरतं, पोट फुगतं, उलट्या होतात आणि रात्रीत ऑपरेशन करायची वेळ येते.

त्यात भर म्हणजे हा प्रकार कधीही होऊ शकतो. त्वचेवरचा डाग काढल्यावर काही महिन्यांनीही होतो आणि १०-१५ वर्षांनीही. तोवर पेशंट तो डाग विसरून गेलेला असतो आणि पोटाच्या डॉक्टरला ते सांगायचं राहून जातं.

सेंट्रल पार्कमध्ये कोसळला

सप्टेंबर १९८०. बॉब न्यूयॉर्कला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दोन रात्री गायला. २१ तारखेला सकाळी सेंट्रल पार्कमध्ये धावायला गेला आणि तिथंच कोसळला.

तपासण्या झाल्या. मेंदूत गाठ होती. अंगठ्यातला मेलानोमा सगळीकडं पसरला होता. हातात फार दिवस नाहीत असं डॉक्टरांनी सांगितलं. तरीही २३ सप्टेंबरला पिट्सबर्गच्या स्टॅनले थिएटरमध्ये त्यानं पूर्ण कार्यक्रम केला. तो त्याचा शेवटचा कार्यक्रम ठरला.

मग न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग कॅन्सर हॉस्पिटलमध्ये रेडिएशन सुरू झालं. उपचारांमुळं जटा गळायला लागल्या. ज्या जटा त्याच्या श्रद्धेची खूण होत्या, त्याच जड व्हायला लागल्या आणि उरलेल्या कापाव्या लागल्या. अंगठ्याला सुरी लावू न देणाऱ्या माणसावर ही वेळ आली होती. नोव्हेंबर १९८० मध्ये त्यानं इथिओपियन ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला.

डॉक्टरांकडं देण्यासारखं फार काही उरलं नव्हतं. त्या काळात पसरलेल्या मेलानोमावर डाकार्बाझिन हे केमोथेरपीचं औषध दिलं जायचं. पाच-सहा पेशंटमागं एखाद्याच्या गाठी आकसायच्या आणि तेही थोड्या काळापुरतं. म्हणून बॉब जर्मनीत बव्हेरियाला योसेफ इसेल्स नावाच्या डॉक्टरकडं गेला. आहार बदलणं, ताप आणणं, लसी टोचणं अशी त्यांची वेगळीच पद्धत होती. मुख्य प्रवाहातल्या डॉक्टरांचा तिच्यावर विश्वास नव्हता. बर्फाळ गावात, घरापासून हजारो किलोमीटर लांब, बॉबनं आपला ३६ वा वाढदिवस काढला.

मे १९८१ मध्ये इसेल्स यांनीही हात टेकले. बॉबला जमैकात, आपल्या मातीत मरायचं होतं. विमान अटलांटिक ओलांडून आलं, पण तब्येत इतकी ढासळली की मायामीतच हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं. ११ मे १९८१ ला तिथंच त्यानं जीव सोडला. जमैका विमानानं दोन तासांच्या आत होतं.

२१ मे ला सरकारी इतमामात अंत्यसंस्कार झाले. किंग्स्टनपासून नाईन माईलपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसांची रांग होती. ज्या डोंगरात जन्मला तिथंच, गिटार सोबत ठेवून, त्याला पुरलं.

हेच आज झालं असतं तर?

आज मेलानोमाचा इतिहास असलेल्या पेशंटला थकवा आला, हिमोग्लोबिन घसरलं किंवा पोट सतत दुखलं तर डॉक्टर आधी सीटी स्कॅन किंवा पेट स्कॅन सांगतात. जठर बघायला एंडोस्कोपी, मोठं आतडं बघायला कोलोनोस्कोपी. लहान आतडं खूप लांब असल्यानं तिथं दोन्ही बाजूंनी दुर्बीण पूर्ण पोचत नाही. त्यासाठी कॅमेरा बसवलेली कॅप्सूल गिळायला देतात, ती आतडं फिरत फोटो पाठवते. पण अडथळ्याची शंका असेल तर ती अडकू शकते, म्हणून आधी खात्री करतात.

दुर्बिणीत काळी गाठ दिसली तर शंका लगेच येते. अडचण अशी की काही गाठींत रंगच नसतो. म्हणून तुकडा काढून त्यावर एस-१००, एचएमबी-४५, मेलन-ए अशा खास तपासण्या करतात. त्यातून ही गाठ आतड्याची की मेलानोमाची, हे ठरतं.

उपचारात सगळ्यात मोठा बदल झाला २०११ नंतर. आपल्या शरीरातल्या रोगप्रतिकारक पेशींना कॅन्सर ब्रेक लावून ठेवतो. तो ब्रेक काढणारी औषधं आली, इपिलिमुमॅब, निवोलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब. या शोधाचा पाया घालणारे जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. पेशींत बीराफ नावाचा जनुकीय बदल असेल तर त्यावर नेम धरणाऱ्या गोळ्या आहेत. आतड्यात एक-दोनच गाठी असतील, रक्तस्राव होत असेल किंवा आतडं अडलं असेल तर ऑपरेशन करतात.

फरक किती पडला? पूर्वी पसरलेल्या मेलानोमाचे निम्मे पेशंट वर्षभरही जगत नसत. निवोलुमॅब आणि इपिलिमुमॅब एकत्र दिलेल्या एका मोठ्या चाचणीत पाच वर्षांनंतर निम्म्याहून थोडे जास्त पेशंट जिवंत होते. या औषधांचा एक त्रास म्हणजे आतड्याला सूज येऊन जुलाब लागतात. ते अंगावर काढणं जिवावर बेतू शकतं, लगेच डॉक्टरांना सांगावं लागतं.

बॉब सेंट्रल पार्कमध्ये कोसळला तेव्हा अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष होते जिमी कार्टर. २०१५ मध्ये, वयाच्या ९० व्या वर्षी, कार्टर यांना मेलानोमा यकृत आणि मेंदूत पसरल्याचं कळलं. ऑपरेशन, रेडिएशन आणि पेम्ब्रोलिझुमॅब, असे उपचार झाले. काही महिन्यांत कॅन्सरच्या खुणा दिसेनाशा झाल्या. ते गेले २०२४ मध्ये, १०० वर्षांचे होऊन.

अर्थात बॉबला झालेला ॲक्रल प्रकार या औषधांनाही तुलनेनं कमी दाद देतो. त्यात बीराफचा बदलही कमी वेळा सापडतो. म्हणजे आजही सगळ्यात मोठं औषध एकच आहे, लवकर ओळखणं.

आणि ते आपल्याशी संबंधित आहे. भारतात मेलानोमा विरळ आहे, पण होतो तेव्हा बऱ्याचदा तळपायाला किंवा नखाखाली होतो. तिथं काळं झालं की आपण ठेच लागली असेल, बूट चावला असेल, कुरूप झालं असेल असं म्हणून सोडून देतो.

ठेच लागून साचलेलं रक्त नख वाढेल तसं पुढं सरकतं आणि काही महिन्यांत निघून जातं. न सरकणारा, रुंद होत जाणारा काळा पट्टा, नखाभोवतीच्या कातडीवर उतरलेला काळेपणा, तळपायावरचा वाढणारा वेडावाकडा डाग, काही आठवड्यांत न भरणारी जखम, यातलं काहीही दिसलं तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. आणि पूर्वी असा डाग काढला असेल तर ते पोटाच्या डॉक्टरलाही सांगा, मग त्याला १५ वर्षं का झाली असेनात.

बॉब मार्लेचे फोटो सगळ्यांनी बघितलेत. आज आंघोळीच्या वेळी एकदा स्वतःच्या पायाची नखं आणि तळवेही बघून घ्या.